बनवणे सोपे, वेगळे करणे कठीण

हिंदी चित्रपटातला शास्त्रज्ञ तुम्ही पाहिलाच असेल. पांढरा कोट, विस्कटलेले केस, एका हातात निळे द्रावण, दुसऱ्या हातात लाल. दोन्ही एकत्र ओतले की धूर निघतो आणि औषध तयार! माझे लग्न झाले तेव्हा सासरच्या मंडळींची माझ्या कामाबद्दल साधारण अशीच कल्पना होती. "आमच्या सूनबाई केमिस्ट्रीत पीएच.डी. करतात," असे मामंजी आल्यागेल्याला अभिमानाने सांगत आणि पाहुणे विचारत, "म्हणजे नवीन औषधं बनवतात का?"

मी हसून मान डोलावत असे. खरे उत्तर द्यायचे तर म्हणावे लागले असते, "बनवायला दोन तास लागतात. पुढचा आठवडा ते बाकीच्या पसाऱ्यातून वेगळे काढण्यात जातो."

पुण्यातल्या प्रयोगशाळेत पाच वर्षे आणि त्यानंतर हैदराबादजवळच्या औषधांच्या कारखान्यात जवळजवळ पंचवीस वर्षे मी हेच काम केले. सेंद्रिय रसायनशास्त्रात रेणूला रेणू जोडण्याचे कौतुक होते, नोबेल पारितोषिकेही मिळतात. पण रुग्णाच्या पोटात जाणारी गोळी विश्वासाची ठरते ती पुढच्या कंटाळवाण्या, वेळखाऊ कामामुळे. त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

चंबूत काय काय असते?

दोन पदार्थ एकत्र करून तापवले की सगळेच रेणू शहाण्यासारखे आपल्याला हवे तसे जोडले जातात असे नाही. काही तसेच राहतात. काही भलत्याच जागी जोडले जातात. शिवाय ज्यात क्रिया घडवली तो द्रावक असतो, ज्याने क्रिया घडवून आणली ते आम्ल असते आणि काम संपल्यावर उरलेले अवशेष असतात. या गर्दीत आपला माल कुठेतरी बसलेला असतो.

अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. १८५३ साली शार्ल गेरहार्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा रेणू पहिल्यांदा बनवला, पण अशुद्ध रूपात. जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी तो शुद्ध आणि टिकाऊ स्वरूपात मिळवला १८९७ मध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षे रेणू माहीत होता, पण घराघरांत पोहोचलेले औषध मात्र झाले नव्हते.

आजही महाविद्यालयात मुले प्रयोग म्हणून अ‍ॅस्पिरिन बनवतात, तेव्हा शेवटी त्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकायला लावतात. जांभळा रंग आला की समजायचे, मूळचे सॅलिसिलिक आम्ल अजून मागे राहिले आहे. पांढरी शुभ्र पूड दिसली म्हणून खूश झालेल्या मुलांचे चेहरे त्या जांभळ्या रंगाने पडतात. दिसायला पांढरे म्हणजे शुद्ध नव्हे, हा पहिला धडा तिथेच मिळतो.

स्वभावातला फरक

रेणूंना नावाने हाक मारून बाजूला बोलावता येत नाही. त्यांच्या स्वभावातला फरक शोधावा लागतो. कोण पाण्यात विरघळतो, कोण तेलकट द्रावकात? कोण लवकर उकळतो? कोण थंड झाल्यावर स्फटिक होऊन बसतो? कोण कशाला चिकटतो? आमच्या सगळ्या युक्त्या या चार-पाच प्रश्नांतून निघाल्या आहेत.

सगळ्यात सोपी युक्ती विलगकारी नरसाळ्याची. खाली तोटी असलेले हे काचेचे भांडे. त्यात पाणी आणि ईथरसारखा पाण्यात न मिसळणारा द्रावक घालून हलवले की तेल-पाण्यासारखे दोन थर पडतात. आता समजा मिश्रणात एक आम्ल आहे, एक अमाइन आहे आणि एक दोन्हींपैकी काहीच नाही. खाण्याच्या सोड्याचे पाणी घालून हलवले की फसफस होते, आम्लाचे क्षार बनतात आणि ते पाण्यात उतरतात. तोटी उघडून पाणी काढून घ्यायचे. मग विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, की अमाइन पाण्यात जाते. तिसरा गडी ईथरमध्ये एकटा उरतो. सोड्याच्या त्या पाण्यात पुन्हा आम्ल टाकले की हरवलेले आम्ल पांढऱ्या साक्याच्या रूपाने बहुधा परत वर येते. अर्ध्या तासात तिघे तीन भांड्यांत! भांडे हलवताना मधूनमधून तोटी उघडून आतला वायू सोडायचा असतो. नाहीतर बूच उडते आणि आठवड्याची मेहनत छताला लागते.

दुसरी युक्ती स्फटिकीकरणाची. मिठागरात मीठ आणि साखर कारखान्यात साखर याच तत्त्वाने मिळते. पॅरासिटामॉल उकळत्या पाण्यात एका लिटरला सुमारे ५० ग्रॅम विरघळते, पण तेच पाणी खोलीच्या तपमानाला आले की जेमतेम १४ ग्रॅम धरून ठेवते. उरलेले ३६ ग्रॅम स्फटिक होऊन खाली बसते. स्फटिक बनताना सारख्याच आकाराचे रेणू ओळीत बसतात. वेगळ्या आकाराचा रेणू त्या रांगेत सहसा मावत नाही, तो पाण्यातच राहतो. शुद्ध पॅरासिटामॉल १७० अंश सेल्सिअसच्या आसपास झटकन वितळते. अशुद्ध असेल तर आधीच मऊ पडू लागते आणि रेंगाळत वितळते.

पण हिशेब पाहा. ५० ग्रॅममधले १४ ग्रॅम पाण्यातच गेले! शुद्धता फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी थोडा माल सोडून द्यावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून माझी नोकरी जायची वेळ आली होती.

टीपकागदावरचा ठिपका

स्फटिक होत नाहीत आणि सोड्याच्या पाण्यालाही दाद देत नाहीत, अशा रेणूंसाठी तिसरी युक्ती आहे, क्रोमॅटोग्राफीची. ती तुम्ही मुलांना घरीच दाखवू शकता. टीपकागदाच्या पट्टीवर खालच्या कडेपासून दोन बोटे वर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढा. पट्टीची फक्त खालची कड पाण्यात बुडेल अशी ती उभी करा. पाणी वर चढू लागेल आणि थोड्या वेळात काळ्या ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग वेगळे होताना दिसतील. ज्या रंगाला कागद जास्त आवडतो तो मागे राहतो, ज्याला पाणी जास्त आवडते तो पुढे पळतो.

मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये हेच केले. खडूच्या पुडीने भरलेल्या काचेच्या नळीतून त्याने पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. त्स्वेत या शब्दाचा रशियन भाषेत अर्थ आहे 'रंग'! त्याच्या हयातीत या कामाची फारशी कदर झाली नाही. तो १९१९ मध्ये वारला आणि १९३१ नंतर ही पद्धत पुन्हा वर आली.

आमच्या प्रयोगशाळेत खडूऐवजी सिलिका जेल असे, मैद्यासारखी पांढरी पूड. काचेच्या उंच नळीत तळाला कापसाचा बोळा, वर सिलिका, त्यावर मिश्रण, आणि वरून द्रावक ओतत राहायचे. खालून पडणारे थेंब एकेका परीक्षानळीत गोळा करायचे. कधी साठ नळ्या, कधी दोनशे. माल कुठल्या नळ्यांत उतरला हे छोट्या पट्ट्यांवर अतिनील दिव्याखाली पाहायचे. द्रावक वरून दाब देऊन पळवण्याची 'फ्लॅश' पद्धत स्टिल, कान आणि मित्रा या तिघांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभरातल्या विद्यार्थ्यांचे कितीतरी तास वाचवले. तरी नळी एकदा चालू केली की ती कोरडी पडू द्यायची नाही, म्हणजे जागचे हलायचे नाही. घरी सासूबाई जेवायच्या थांबलेल्या आहेत हे माहीत असूनही मी कितीतरी रात्री त्या नळीखाली परीक्षानळ्या बदलत उभी राहिले आहे.

आधी कचऱ्याचा विचार

माझे मार्गदर्शक सर फार कमी बोलत. विद्यार्थी नवी क्रिया सुचवायला गेला की बाकीचे प्राध्यापक विचारत, "उतारा किती येईल?" आमचे सर विचारत, "वेगळं कसं करणार?"

या प्रश्नाची किंमत मला ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड या लांबलचक नावाच्या पदार्थाने शिकवली. जॉर्ज विटिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक सुंदर क्रिया आहे. दोन कार्बन अणूंमध्ये हवा तिथे दुहेरी बंध तयार करता येतो. विटिग यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले. पण या क्रियेत मालाच्या प्रत्येक रेणूमागे या ऑक्साइडचा एक रेणू तयार होतोच, आणि तो वजनाने चांगला भारी असतो. पाण्यात तो जात नाही, उकळून उडत नाही, आणि स्तंभात पुष्कळदा मालाच्या मागेमागे घोटाळत येतो. चंबूत माल कमी आणि कचरा जास्त, तोही चिकट!

मी ज्या मार्गाने जायचे ठरले होते त्यात ही क्रिया शेवटून दुसरी होती. सरांनी कागद हातात घेतला, त्या पायरीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "तुझा दुहेरी बंध एस्टरच्या शेजारी आहे ना? मग याच क्रियेची दुसरी तऱ्हा वापर. हॉर्नर, वड्सवर्थ आणि एमन्सची." त्या तऱ्हेत उरणारा फॉस्फेटचा क्षार पाण्यात विरघळतो. मी तसे केले. क्रिया संपल्यावर नरसाळ्यात पाणी घातले, हलवले, खालचा थर काढून टाकला. कचरा गेला! शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी त्याच सुमारास जुन्या तऱ्हेने केलेल्या मालासाठी तिसरा स्तंभ भरत होता.

शुद्धीकरणाचे डावपेच म्हणतात ते हेच. क्रिया निवडतानाच तिचा कचरा कुठल्या दाराने बाहेर जाईल हे ठरवायचे. ब्रूस मेरिफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तर १९६३ मध्ये कमालच केली. प्रथिनांचे छोटे तुकडे बनवताना प्रत्येक जोडणीनंतर शुद्धीकरण करावे लागे आणि त्यातच माल संपून जाई. त्यांनी पहिला दुवा प्लास्टिकच्या बारीक मण्याला बांधून टाकला. पुढचा दुवा जोडला, की मणी गाळून धुऊन घ्यायचे. नको असलेले सगळे वाहून जाते, माल मण्याला धरून राहतो. शेवटी दोर कापायचा. १९८४ चे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले.

तळणीचे तेल

यजमानांची बँकेतून हैदराबादला बदली झाली आणि मी तिथल्या एका कारखान्यात लागले. प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये मोजत होते, इथे एकेका घाण्यात शेकडो किलो पॅरासिटामॉल निघे.

स्फटिक गाळून घेतल्यावर खाली जे पाणी उरते त्याला मातृद्रव म्हणतात. मघाचे ते १४ ग्रॅम त्यातच असतात. एवढा माल गटारात सोडणे कुठल्याच कारखान्याला परवडत नाही, म्हणून पुढच्या घाण्यासाठी तेच पाणी पुन्हा वापरतात. यात गैर काही नाही. पण प्रत्येक फेरीत स्फटिक निघून जातात आणि अशुद्धी मागे साचत जाते. पॅरासिटामॉल ज्यापासून बनते ते पॅरा-अमिनोफिनॉल मूत्रपिंडाला घातक आहे. औषधकोशाने त्याची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग अशी घातली होती. म्हणून आमच्याकडे मातृद्रव तीन वेळा वापरून मग सोडून द्यायचा नियम होता.

१९९५ च्या पावसाळ्यात तापाची साथ होती, मागणी वाढली होती. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले, मातृद्रव पाच वेळा चालवा. चौथ्या फेरीच्या मालावर मला अगदी पुसट गुलाबी छटा दिसली. नायट्रोप्रसाइडची रंगपरीक्षा केली. आमच्या नमुन्याचा रंग मर्यादेच्या प्रमाण नमुन्यापेक्षा गडद निघाला. घाण्याच्या कागदावर माझी सही लागत असे. मी सही केली नाही.

व्यवस्थापकांनी बोलावून घेतले. ते रागावले नाहीत, समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, चांगल्या मालात थोडा मिसळला की मर्यादेत बसेल. पुन्हा स्फटिक करायचे तर दोन दिवस आणि चौथाई माल जाईल. तो खर्च तुम्ही देणार का?"

"साहेब, मिसळल्याने अशुद्धी कमी होत नाही, फक्त वाटली जाते," मी म्हटले.

त्या रात्री घरी कोणी नीट जेवले नाही. यजमान म्हणाले, "तू बरोबर आहेस, पण फ्लॅटचे हप्ते चालू आहेत हेही लक्षात ठेव." सात वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती आणि तिला झोपण्यापूर्वी मी पॅरासिटामॉलचेच औषध पाजले होते. सासूबाई सगळे ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "अगं, ते पाणी पुन्हा पुन्हा वापरतात म्हणजे तळणीच्या तेलासारखंच ना? दिवाळीला मी एकदा तळलेलं तेल दुसऱ्यांदा वापरते. तिसऱ्यांदा काळं पडलं की टाकून देते. जीव तुटतो, पण टाकते. एवढंसुद्धा त्यांना कळत नाही?"

रसायनशास्त्राची एकही इयत्ता न शिकलेल्या माझ्या सासूने माझी अडचण एका वाक्यात मांडली होती.

दुसऱ्या दिवशीही मी सही केली नाही. कागदावर परीक्षेचा निकाल लिहून ठेवला, तारीख घातली. लेखी आकडा समोर आल्यावर वरच्यांनाही मिसळा असे लिहून देता येईना. घाणा पुन्हा विरघळवला, कोळशाच्या पुडीतून गाळला, नव्या पाण्यातून स्फटिक केला. छटा गेली आणि आकडा मर्यादेच्या खूप खाली आला. त्या वर्षी माझी पगारवाढ इतरांपेक्षा कमी झाली. पण मातृद्रवाचा तीन फेऱ्यांचा नियम त्यानंतर भिंतीवर टांगला गेला आणि मी तिथे असेपर्यंत तो उतरला नाही.

शोधाल तेच सापडेल

अशा वेळी 'एवढ्याने काय होते' असे म्हणणारे भेटतातच. त्यांना मी मुंबईची आठवण देते. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ग्लिसरीनसारखेच गोडसर आणि रंगहीन दिसणारे हे द्रव्य डोळ्यांना ओळखू येत नाही, परीक्षा करावी लागते. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधांनी मुलांचे जीव गेले, तेव्हाही हेच विष सापडले.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॅल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा बराच साठा युरोपात परत मागवावा लागला. चीनमधल्या एका उत्पादकाने ते बनवण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी बदलली होती. एक घातक अवशेष नष्ट करण्यासाठी नायट्राइट वापरले जाई. त्याची द्रावकातल्या अंशाशी गाठ पडून एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवणारे द्रव्य तयार होत होते. दिवसाला ९६ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त ते पोटात जाऊ नये असे नंतर ठरले. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम! इथे भेसळीचा हेतू नव्हता. तो पदार्थ तिथे असेल अशी कोणाला कल्पनाच नव्हती, म्हणून नेहमीच्या परीक्षांत तो कोणी शोधला नव्हता. क्रिया बदलली तर कचराही बदलतो, आणि नवा कचरा काय असेल याचा विचार कागदावर आधी करावा लागतो. सरांचा तो प्रश्न मला त्या बातमीने फार तीव्रतेने आठवला.

वेष्टनावरची दोन अक्षरे

'शुद्ध' हा आपल्या बोलण्यातला फार सैल वापरला जाणारा शब्द आहे. तेलाच्या डब्यावर, मधाच्या बाटलीवर, तुपाच्या जाहिरातीत शंभर टक्के शुद्ध असे छापलेले असते. रसायनशास्त्रात शंभर टक्के शुद्ध असे काही नसते. कशापासून शुद्ध, किती प्रमाणापर्यंत आणि कुठल्या परीक्षेने पाहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली तरच त्या शब्दाला अर्थ येतो.

आपण औषध घेताना मुदत पाहतो, किंमत पाहतो. पुढच्या वेळी औषधाच्या नावापुढची 'आय. पी.' ही दोन अक्षरेही पाहा. त्यांचा अर्थ इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषधकोश. त्याची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये निघाली आणि आज तो गाझियाबादच्या औषधकोश आयोगाकडून प्रसिद्ध होतो. कुठल्या औषधात कुठली अशुद्धी किती चालेल आणि ती कशी तपासायची हे त्यात लिहिलेले असते. ती अक्षरे म्हणजे एक वचन आहे. ते कारखान्यातल्या कोणीतरी दर घाण्याला पाळायचे असते, थोडा माल सोडून देऊन, दोन दिवस उशीर सोसून.

माझी मुलगी आता स्वतः औषधनिर्माणशास्त्र शिकवते. तिच्या वर्गातली मुले नवीन रेणू बनवण्याची स्वप्ने पाहतात, आणि पाहावीतच. पहिल्या दिवशी ती त्यांना फळ्यावर एक क्रिया लिहून देते आणि बाणाच्या उजवीकडची जागा मोकळी ठेवते. मुले तिथे मालाचे सूत्र लिहितात. मग ती विचारते, "आणि बाकीचं कुठे गेलं?"